शेतकरी मंत्री आणि सरकारी मदत

शेतकरी मंत्री झाला म्हणजे शेतकऱ्यांचे दिवस पालटतात, ही समजूत सार्वत्रिक आहे. अमेरिकेंतील मिनेसोटा राज्याचे शेतकरी बॉब बर्गलंड यांची कारकीर्द पाहतां आम्हांस ती अपुरी वाटते. १९७१ पासून ते प्रतिनिधिसभेचे सभासद होते. १९७७ सालीं अध्यक्ष कार्टर यांनीं त्यांस शेतकीमंत्री केलें. तरीहि १९७९ त भावासाठीं हजारों शेतकरी ट्रॅक्टरांसह वॉशिंग्टनवर चालून गेले, आणि १९८० च्या जानेवारींत सोव्हिएट रशियास जाणाऱ्या धान्यावर सरकारनें बंदी घातली.

तथापि त्यांचें एक कार्य मोलाचें आहे. ठिकठिकाणीं सभा भरवून त्यांनीं शेतकऱ्यांचीं गाऱ्हाणीं ऐकलीं व १९८१ च्या आरंभीं अहवाल प्रसिद्ध केला. सरकारी मदतीचा मोठा वाटा मोठ्या शेतांकडे जातो आणि त्या बळावर तीं शेजारच्या लहान जमिनी गिळतात, असा त्याचा इषारा होता. त्याच महिन्यांत मंत्रिमंडळाची मुदत संपली.

आमच्या वाचकांत मोठे खातेदारहि आहेत. त्यांस अप्रिय वाटलें तरी सांगणें प्राप्त आहे. मंत्री कोणाचा मुलगा, हें विचारण्याआधीं मदत एकरांच्या मापानें वाटली जाते कीं कुटुंबांच्या, हें विचारावें.