रिठ्याचा हिशेब पुरा मांडा



कपाशीचा पैसा घरात येतो वर्षातून दोन-तीन वेळा, बाहेर जातो रोज. धुण्याची पावडर ही त्यातलीच एक गळती. ती थांबते का, हे पाहायला आम्ही घरीच रिठा वापरून पाहिला.

शेतात घेतो तशीच चाचणी घेतली. महिनाभर अर्धे धुणे पावडरीने, अर्धे रिठ्याने. बादलीभर कपड्यांना दहा-बारा रिठे. फोडून बी काढायचे, टरफले रात्रभर भिजवायची, सकाळी उकळून, कुस्करून, गाळून घ्यायची. हे पाणी दोन-तीन दिवसांत आंबते, म्हणून लागेल तेवढेच करायचे.

रोजची लुगडी, चादरी, पोरांचे कपडे स्वच्छ निघाले. आपल्या विहिरींच्या जड पाण्यात साबणाचा साका होतो, कारण पाण्यातला चुना साबणाला धरतो. रिठ्यातल्या सॅपोनिनचे तसे होत नाही, फेस टिकतो. पांढऱ्या धोतरावर मात्र पिवळट झाक आली. वंगणाचे डाग जसेच्या तसे राहिले. पावडरीतले सोडियम काळ्या जमिनीत साठत गेले की जमीन चोपण होते, रिठ्याने ती भीती नाही. पण रिठ्याचे पाणी ओढ्यात सोडू नका, मासे मरतात.

इथवर जमेची बाजू बरी दिसते. पण वहीतला एक रकाना कोराच होता.

ज्वारी-कपाशीचा उत्पादन खर्च काढताना घरच्या माणसांची मजुरी धरा, म्हणून आपण सरकारशी भांडतो. मग रिठे फोडणे, उकळणे, गाळणे आणि जास्तीचे चोळणे ही मजुरी कुणाच्या नावावर? पहिला आठवडा आम्ही नुसती वही लिहिली, काम पत्नीने केले. तिने विचारले, "वाचलेले पैसे तुमच्या प्रयोगाचे की माझ्या घामाचे?" आम्हाला उत्तर देता आले नाही. दुसऱ्या आठवड्यापासून रिठे फोडणे आणि गाळणे आमच्याकडे आले. तेव्हा कुठे चाचणी खरी झाली.

आणखी एक गोष्ट, आणि ही जिवाची आहे. फवारणीचे कपडे रिठ्याने धुऊ नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. औषध कपड्यात मुरते आणि कातडीतून अंगात जाते. फवारणारा अंघोळ करून मोकळा होतो, पण ते कपडे उघड्या हातांनी चोळणारी बाई कुणाच्याच हिशेबात नसते. हे कपडे घरच्या धुण्यात मिसळू नका. हातमोजे घालून, गरम पाण्यात, पावडर लावूनच वेगळे धुवा आणि उन्हात वाळवा. ते पाणी विहीर, ओढा, जनावरांचा हौद यांपासून लांब टाका. आणि ज्याने फवारले, त्यानेच धुवावेत.

बांधावर रिठ्याचे झाड असेल तर जरूर वापरा. बाजारातून आणणार असाल तर आधी भाव पाहा, पावडरीहून महाग पडला तर नाद सोडा. पुढच्या बैठकीला आपापला हिशेब घेऊन या. त्यात घरच्या बाईची मजुरी धरलेली असावी, आणि तो सांगायला ती स्वतः आलेली असावी.