सुनेला कोण विचारणार?

आशाताई घरोघरी सीबॅक हा आरोग्याच्या चौकशीचा सरकारी फॉर्म भरतात. तिशीपुढच्या प्रत्येकाची चौकशी त्यात असते, आणि साठी ओलांडलेल्यांसाठी काही प्रश्न वेगळे असतात. चालताना तोल जातो का? जेवायला, कपडे घालायला दुसऱ्याची मदत लागते का? जवळच्या माणसांची नावं किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का? शिवाय आणखी दोन प्रश्न असतात: कशात मन लागत नाही असं होतं का, उदास-निराश वाटतं का. बुलढाणा जिल्ह्यातल्या म्हाताऱ्या माणसाच्या मनाची विचारपूस निदान सरकारी कागदावर आली आहे, आणि ही चांगलीच गोष्ट आहे.

अडचण उंबऱ्यावर सुरू होते. प्रश्न आजीला असतो, उत्तर घरचे देतात. "वय झालं, चालायचंच." म्हातारचळ म्हटलं की विषय मिटतो. आजोबा दोन महिने पारावर गेले नाहीत, ताटावरून अर्धपोटी उठतात, रात्री कधीच विकून टाकलेल्या बैलांना वैरण घालायला निघतात. सगळं वयाच्या खात्यावर जमा होतं. पण त्यात वेगवेगळे आजार असू शकतात. पारावर जाणं सुटणं हे नैराश्य असू शकतं, आणि नैराश्य सत्तरीतही औषधाने आणि बोलण्याने बरं होतं. हळूहळू वाढत गेलेला विसराळूपणा डिमेन्शियाचा (स्मृतिभ्रंशाचा) असेल. पण थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, कमी ऐकू येणं यांमुळेही माणूस तसाच दिसतो, आणि त्यांवर उपाय आहेत. दोन दिवसांत एकाएकी असंबद्ध बोलणं सुरू झालं तर अनेकदा लघवीचा संसर्ग, रक्तातलं सोडियम उतरणं किंवा एखादं औषध न मानवणं असं कारण निघतं. त्या माणसाला त्याच दिवशी दवाखाना लागतो. बाहेरचं लागलं म्हणून अंगारा-धुपाऱ्यात घालवलेली रात्र जिवावर बेतू शकते.

हे दुर्मीळ नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज निघाला. शहरांपेक्षा खेड्यांत तो जास्त आणि पुरुषांपेक्षा बायकांत जास्त.

मग संग्रामपूरच्या आजीने जायचं कुठे? सरकारी मनोविकारतज्ज्ञ गाठायचा तर बहुतेकदा सातपुड्याच्या पायथ्यापासून बुलढाण्यापर्यंतचा प्रवास. प्रादेशिक मनोरुग्णालय तर थेट नागपूरला, सुमारे तीनशे किलोमीटर लांब. पंचाहत्तरीनंतर एसटीला तिकीट लागत नाही, पण सोबत येणाऱ्याचा रोज बुडतो. सोयाबीनच्या सोंगणीत तर कुणी येतच नाही. चिठ्ठी लिहून दिली म्हणजे उपचार सुरू झाले, असं आरोग्य खात्याने समजू नये.

सैलानीला लोक का जातात, हेही इथेच कळतं. पिंपळगाव सराईच्या त्या दर्ग्यावर सगळ्या जातिधर्मांची कुटुंबं आपला रुग्ण घेऊन येतात, सोबत राहतात. तिथे त्यांना कुणी परत पाठवत नाही. मनोरुग्णाला साखळीने बांधणं २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंद केलं आहे आणि त्या कलमाची अंमलबजावणी सक्तीने व्हायला हवी. पण श्रद्धेशी भांडून उपचार पोहोचत नाहीत. गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यातल्या मीरा दातार दर्ग्यावर दुवा आणि दवा शेजारी-शेजारी ठेवण्याचा उपक्रम सरकारच्या साथीने चालला. सैलानीलाही डॉक्टरचं टेबल बारमाही असावं, होळीच्या यात्रेपुरतं नव्हे.

आता आजारी म्हाताऱ्याच्या घरातल्या दुसऱ्या माणसाकडे येऊ. मुलगा चाकणला नाहीतर वाळूजला कारखान्यात असतो. रात्री तीनदा उठणारी, कपडे बदलणारी, "माझे पैसे हिनंच चोरले" हा आळ ऐकून घेणारी आणि सकाळी निंदायला जाणारी असते ती सून. सून नसेल तिथे सत्तरीची बायको पंचाहत्तरीच्या नवऱ्याला सांभाळते. चोरीचा संशय हे डिमेन्शियाचं लक्षण आहे, सासूचा स्वभाव नव्हे, एवढं एक वाक्य जरी कुणी वेळेवर सांगितलं तरी त्या घरातला कितीतरी कडवटपणा टळेल. पण सीबॅकमध्ये सांभाळणाऱ्याच्या जिवाबद्दल वेगळा एकही प्रश्न नाही. तिशीच्या आतली सून तर त्या फॉर्ममध्ये मोडतच नाही.

सांभाळणाऱ्यांना आधार देण्याची वाट गोव्यात चालून पाहिलेली आहे. डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी डिमेन्शियाच्या ८१ कुटुंबांसोबत काम केलं. अभ्यास २००८ मध्ये छापून आला. थोडं प्रशिक्षण घेतलेले स्थानिक कार्यकर्ते घरी जात, आजार समजावून सांगत, वागायचं कसं ते दाखवत, गरज पडली तर डॉक्टरशी गाठ घालून देत. सहा महिन्यांत सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण घटला. २०१९ चा गोव्यातलाच दुसरा अभ्यास नैराश्याच्या उंबरठ्यावर असलेल्या १८१ ज्येष्ठांचा. साध्या, प्रशिक्षित समुपदेशकांनी सोबत केलेल्यांपैकी वर्षभरात सुमारे ४.४ टक्क्यांना पूर्ण नैराश्य आलं. इतरांत हे प्रमाण १४.४ टक्के होतं. आपल्याच विभागातल्या अमरावती जिल्ह्यात ३० गावांत 'विश्राम' प्रकल्प झाला. तिथे नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेलं, तेही गावातल्याच कार्यकर्त्यांच्या बळावर. वऱ्हाडातली माणसं मनातलं बोलत नाहीत, ही सबब आता चालणार नाही.

पैसा आणि मनुष्यबळ कुठून आणायचं, असं विचारलं जाईल. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यात दहा वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यात बुलढाणा आहे. महाविद्यालयाला मनोविकार विभाग लागतोच. त्यातल्या डॉक्टरांनी मेहकर, शेगाव, मलकापूर, जळगाव जामोद इथे ठरलेल्या वारी बसावं. वार पक्का असला की गाव त्याप्रमाणे सोय लावतं. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्टीपुढच्या गरजू माणसाला एकदाच तीन हजार रुपये मिळतात आणि त्या शासन निर्णयात 'मनःस्वास्थ्य केंद्र' हे शब्द आहेत. अशी केंद्रं तालुक्याच्या गावी उभी राहिली तरच त्या शब्दांना अर्थ. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा आणि १४५६७ हा ज्येष्ठांच्या हेल्पलाइनचा, हे दोन क्रमांक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवायला तर फारसा खर्चही नाही.

आणि फॉर्ममध्ये एक रकाना वाढवा. "यांना कोण सांभाळतं? त्यांना झोप मिळते का?" तो भरण्याचा वेगळा मोबदला आशाताईंना द्या, आणि उत्तर "नाही" आलं तर पंधरा दिवसांत आरोग्य केंद्रातलं कुणीतरी त्या घरी जाईल, अशी जबाबदारी जिल्हा परिषदेने लेखी ठरवून द्यावी.