टाइल्सचा रंग विचारा, बाकी काही विचारू नका

माझा भाचा आणि त्याची बायको वर्षभर घर शोधत आहेत. मागच्या रविवारी त्यांनी मलाही सोबत नेले. "मामू, तुम्ही फक्त बघा, बोलणी आम्ही करतो," असे वाटेतच बजावले. पनवेलच्या पुढे एका नव्या प्रकल्पाचा सॅम्पल फ्लॅट होता. आत एसी, मंद पिवळे दिवे, भिंतीवर मोठा आरसा. बेडरूममधला पलंग बघून मला संशय आला म्हणून वीत टाकून मोजला. जेमतेम साडेपाच फूट भरला. भाच्याचे पाय गुडघ्याखाली लोंबकळले असते! खोल्यांना दारेच बसवलेली नव्हती. दार नसले की ते उघडायला जागा लागत नाही आणि खोली मोठी दिसते. कपाट नाही, पिंप नाही, धुणे वाळत घालायची दोरी नाही.

सूनबाईंनी विचारले, "किचन ओपन करता येईल ना? मधे आयलंड बसेल?" तिथली मुलगी म्हणाली, "हो मॅडम, सगळं होतं." पाणी किती वाजता येते आणि किती वेळ टिकते, हे कोणीच विचारले नाही.

हा आयलंड कुठून आला ते मला माहीत आहे. रात्री जेवण झाले की दोघे मोबाइलवर अमेरिकेतले घर-दुरुस्तीचे कार्यक्रम बघतात. १९९४ मध्ये तिथे एचजीटीव्ही ही वाहिनी सुरू झाली आणि पडके घर घेऊन त्याचा राजवाडा करणे हा करमणुकीचा प्रकार झाला. 'हाउस हंटर्स'मध्ये जोडप्याला तीन घरे दाखवतात आणि त्यातले एक ते निवडतात. २०१२ मध्ये त्यात भाग घेतलेल्या एका बाईनेच सांगून टाकले की चित्रीकरण ठरले तेव्हा त्यांनी घर आधीच घेतलेले होते, आणि बाकीची 'पर्यायी' घरे मित्रमंडळींची होती. टेक्सासमधल्या वेको शहरात चाललेल्या 'फिक्सर अप्पर'ची गंमत निराळी. शेवटी पडदा सरकतो, नवरा-बायको डोळे पुसतात, पण समोर मांडलेले सोफे, दिवे, गालिचे बहुतेक परत जातात. हवे असतील तर वेगळे पैसे मोजायचे. हे तिथल्या घरमालकांनीच नंतर सांगितले.

आपल्याकडेही एशियन पेंट्स 'व्हेअर द हार्ट इज' नावाने सिनेनटांची घरे दाखवते. ज्याचा धंदा भिंत रंगवण्याचा, तो तुम्हाला भिंतीच दाखवणार. त्यात रागवण्यासारखे काही नाही. राग येतो तो आपण त्याला घर बघण्याचे शिक्षण समजतो म्हणून.

या कार्यक्रमांत एक ठरलेला प्रसंग असतो. घरमालक हसत हसत घण उचलतो आणि भिंत पाडतो. तिथली बहुतेक घरे सुटी, लाकडी सांगाड्याची. आतल्या भिंती जिप्समच्या पाट्यांच्या. आपला फ्लॅट म्हणजे दहा-वीस बिऱ्हाडांच्या सामाईक खांब-तुळयांमधला एक कप्पा. तुमच्या बाथरूमची फरशी उकरली की खालच्याच्या छताला ओल येते आणि पुढची पाच वर्षे जिन्यात सलाम-नमस्कार बंद. हे झाले हलके दुखणे. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरची सिद्धी साई इमारत कोसळून १७ माणसे गेली. तळमजल्यावर नूतनीकरणाचे काम चालू होते आणि त्यात खांबांना हात लावला गेला, असा रहिवाशांचा आरोप होता. कुठल्याही रीलमध्ये स्ट्रक्चरल इंजिनीअर बघितल्याचे मला आठवत नाही. सोसायटीची परवानगी घ्यायला गेलेला माणूस तर नाहीच नाही.

यावर आमच्या वयाची मंडळी म्हणतात, आजच्या पोरांच्या अपेक्षा फार वाढल्या. आम्ही एका खोलीत सात जण राहिलो. मला हे पटत नाही. एका खोलीत सात जण राहणे ही काही कर्तबगारी नव्हती, नाइलाज होता. पोरांच्या अपेक्षा मला तर फार कमी वाटतात. फॉल्स सीलिंगबद्दल तीन तास बोलणारा माणूस मंजूर नकाशाबद्दल तीन मिनिटे बोलत नाही. बिल्डरला याहून चांगले गिऱ्हाईक कुठे मिळणार?

पैशाचेही तसेच. पडद्यावर घराची किंमत एक आकडा असतो. ठाण्याच्या हद्दीत बांधकाम चालू असलेला ६० लाखांचा फ्लॅट घ्या. ७ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे ४ लाख २० हजार, ५ टक्के जीएसटी म्हणजे ३ लाख, नोंदणीचे ३० हजार. साडेसात लाख इथेच गेले. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे या किमतीला बँक जास्तीत जास्त ८० टक्के कर्ज देते, आणि हे सरकारी खर्च त्यात धरत नाही. म्हणजे साडेएकोणीस लाख स्वतःच्या खिशातून. उरलेल्या ४८ लाखांना साडेआठ टक्क्यांनी, २० वर्षांसाठी, महिना सुमारे ४१,६५० रुपये हप्ता. इतके झाल्यावर इंटिरिअरवाला येतो, आणि त्याच्यासाठी पर्सनल लोन निघते. आमच्या ओळखीत एक जनाब आहेत. व्याज नको म्हणून गृहकर्ज घेतले नाही, भाड्याने राहिले, त्याबद्दल मला आदरच आहे. पण परवा त्याच भाड्याच्या घरात क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांवर मॉड्युलर किचन बसवले! रील माणसाला कुठवर नेते बघा.

आणि ती तीन घरे. मला त्या कार्यक्रमातली सगळ्यात मोठी थाप हीच वाटते. आमच्यासारख्या नावाच्या माणसाला दलाल फोनवर आधी नाव विचारतो, आणि मग फ्लॅट नुकताच विकला गेलेला असतो. भाच्याने वर्षभरात हे इतक्यांदा ऐकले की आता तो मोजत नाही. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली कितीतरी मुस्लीम कुटुंबे मुंब्र्याला गेली, ती काही तिथल्या खाडीचा देखावा आवडला म्हणून नव्हे. ज्याला जागा निवडता येत नाही, त्याला टाइल्स निवडायला देतात. तोही खूश होतो, कारण निदान काहीतरी निवडायला मिळाले. कागद बघायची हिंमत त्याला होत नाही. हेही हातचे गेले तर जायचे कुठे? ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शिळफाट्याला लकी कंपाउंडमधली इमारत पडली. बेकायदा होती, वर मजले चढत होते आणि खाली माणसे राहत होती. ७४ जण मेले. म्हणून आपल्या लोकांनी तर दुप्पट चिकित्सा करायला हवी. बाकीच्यांना फसल्यावर दुसरीकडे जाता येते.

कायदा अगदीच आंधळा नाही. २०१६ च्या रेरा कायद्याच्या १२व्या कलमात जाहिरातीबरोबर नमुन्याच्या फ्लॅटचाही स्पष्ट उल्लेख आहे. त्यावर विसंबून तुम्ही पैसे भरले आणि दाखवलेले खोटे निघून नुकसान झाले, तर बिल्डरला भरपाई द्यावी लागते. १३व्या कलमाप्रमाणे नोंदणीकृत करार होईपर्यंत तो किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. पण त्यासाठी सॅम्पल फ्लॅटमध्ये सेल्फीबरोबर टेपने माप घ्यावे लागते आणि तोंडी दिलेला प्रत्येक शब्द लिहून मागावा लागतो.

त्या दिवशी निघताना मी त्या मुलीला कार्पेट एरिया विचारला. ती म्हणाली, "साडेसहाशे, सर." घरी येऊन भाच्याला महारेराच्या संकेतस्थळावर तो प्रकल्प उघडायला लावला. ४१० निघाले. भाचा बराच वेळ गप्प होता. मग सूनबाईंनी विचारले, "मामू, यात आयलंड बसेल?" मी काही बोलायच्या आत दोघेच हसायला लागले. येत्या रविवारी दुसरी जागा बघायची आहे. या वेळी टेप त्यांनीच विकत आणला आहे.