फोटोच्या मागे नाव लिहा

आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात एक लोखंडी कपाट आहे. त्यात तीन-साडेतीनशे पुस्तके आहेत. कुणी मुलाच्या वाढदिवसाला दिलेली, कुणी आईवडिलांच्या पुण्यानुमोदनाला. कपाटाला कुलूप असते आणि किल्ली कुणाकडे आहे, हे दर वेळी विचारावे लागते. गेल्या वर्षावासात वस्तीतलीच एक मुलगी रविवारी विहारात येऊन बसू लागली. ती कॉलेजात ग्रंथालयशास्त्र शिकते. आई चार घरची धुणीभांडी करते. “पुस्तके कपाटात ठेवायला कॉलेज कशाला लागते?” असे तिला घरी विचारले गेले. खरे सांगायचे तर आम्हीही तेच विचारले होते. तिने उत्तर दिले नाही, सगळे कपाट रिकामे केले.

प्रथम तिने एक वही घातली आणि प्रत्येक पुस्तकाला दाखल क्रमांक दिला. मग प्रत्येक पुस्तकाची कार्डे केली. लेखकाच्या नावाचे एक, पुस्तकाच्या नावाचे एक आणि विषयाचे एक. लेखकाच्या कार्डावर तिने लिहिले, “आंबेडकर, भीमराव रामजी, १८९१-१९५६”. ते पाहून विहारातले एक ज्येष्ठ उपासक रागावले. “बाबासाहेबांना नुसते भीमराव लिहितेस?” मुलगी शांतपणे म्हणाली, “आजोबा, हे दुसरे कार्डही बघा ना.” त्यावर लिहिले होते, “बाबासाहेब आंबेडकर: पाहा, आंबेडकर, भीमराव रामजी”. ज्याला ज्या नावाने माणूस माहीत आहे, त्या नावाने शोधले तरी पुस्तक सापडले पाहिजे, असा त्यामागचा नियम.

दुसरी तक्रार आली ती फळ्यांची. पूर्वी बाबासाहेबांची सगळी पुस्तके त्यांच्या फोटोखाली एकत्र असत. हिने ती वेगवेगळ्या फळ्यांवर नेली. अमेरिकेतल्या मेलविल ड्युई यांनी १८७६ साली पुस्तकांना विषयवार आकडे देण्याची पद्धत काढली. तिच्याप्रमाणे १९२३ चे ‘दि प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ अर्थशास्त्रात ३३२ वर गेले. १९३६ चे ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ समाजशास्त्रात ३०५ वर आणि महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली निघालेले ‘दि बुद्ध अँड हिज धम्म’ २९४.३ वर. मुलगी म्हणाली, “काका, कॉमर्सचा मुलगा अर्थशास्त्राची फळी बघायला आला, तर त्याला तिथे बाबासाहेब भेटायला नकोत का?” आम्हाला उत्तर सुचले नाही. ज्या महामानवाने पुस्तकांना जागा हवी म्हणून दादरला राजगृह बांधले, त्यांना आम्ही हार घातलेल्या फोटोखालीच अडकवून ठेवले होते.

गाण्यांच्या पुस्तकांपाशी तर आमचीच परीक्षा झाली. भीमराव कर्डक यांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. वामनदादा कर्डक, म्हणजे वामन तबाजी कर्डक, १९२२ साली जन्मले आणि २००४ साली गेले. त्यांची गाणी घराघरांत आहेत. आडनाव एक, माणसे दोन. कार्डावर नुसते “कर्डक” लिहिले, तर एकाचे कष्ट दुसऱ्याच्या नावावर जातात. नाव पुरते लिहिणे हा केवळ कारकुनी सोपस्कार नाही, तो न्यायाचा भाग आहे, हे आम्हाला तेव्हा कळले.

पुढे तिच्या अभ्यासात स्कॅनिंग आले. तिने घरोघरी जुने फोटो मागितले. एका आजीने ट्रंकेतून एक फोटो काढून दिला. मांडवात ओळीने बसलेल्या चौदा बाया, कडा कुरतडलेल्या, रंग तांबूस झालेला. मुलीने कॉलेजच्या स्कॅनरची काच पुसली आणि फोटो ६०० डी.पी.आय.वर घेतला. म्हणजे एक इंच लांबीत ६०० ठिपके. छापील मजकुराच्या पानाला ३०० पुरतात, तरी ए-फोर आकाराच्या एका रंगीत पानाची मूळ फाइल सुमारे २६ एमबी होते. ही मूळ फाइल ‘टिफ’ प्रकारात जशीच्या तशी जपायची आणि रोज दाखवायला तिच्यावरून लहान ‘जेपेग’ प्रत करायची. जेपेग लहान करताना बारकावे गळतात आणि गळलेले परत येत नाहीत. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवला तरी तेच होते. पाठवायचाच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा.

मग फोटोचे कार्ड करायची वेळ आली. कोण, कुठे, कधी, कुणाकडून मिळाला? फोटोची मागची बाजू कोरी होती. मुलगी आजीजवळ बसली. आजीने स्वतःसह नऊ जणींची नावे सांगितली. तिघींना ती “अमक्याची आई” एवढेच ओळखत होती. उरलेल्या दोघी आठवेनात. मुलीने अंदाजाने काही भरले नाही. “नाव माहीत नाही” असे स्वच्छ लिहिले. यंत्राने चौदाही चेहरे घेतले, नावे मात्र नऊच मिळाली. दहा वर्षांपूर्वी कुणी विचारले असते, तर कदाचित चौदाही मिळाली असती.

२० जुलै १९४२ रोजी नागपुरात दलित महिलांची परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या, हे आज आपण सांगू शकतो, कारण ते कुणीतरी लिहून ठेवले. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या बायकांना गाठून, विचारून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ साली काढले. त्यांनी विचारले नसते, तर कितीतरी जणी आज “अमक्याची आई” म्हणूनच उरल्या असत्या.

येथे आमचीही एक चूक सांगितली पाहिजे. वडील गेल्यावर माळ्यावरचे त्यांचे गाठोडे आम्ही रद्दीत घातले. सभांची पत्रके असावीत, जुने अंक असावेत. “असावेत” म्हणतो, कारण आम्ही ते सोडून पाहिलेच नाही. वाळवी लागली होती, एवढेच निमित्त पुरले.

म्हणून बंधुभगिनींनो, एवढे करा. ट्रंक उघडा. फाटलेल्या फोटोला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका. मागे कडेला मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने नाव, गाव, साल लिहा. पेन्सिल उमटत नसेल, तर फोटो लिफाफ्यात घालून लिफाफ्यावर लिहा. स्कॅनर नसेल तर खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, मोबाइल फोटोच्या अगदी समांतर धरून पुढची-मागची दोन्ही बाजू टिपा. तीन प्रती ठेवा, एक तरी दुसऱ्या घरी. पावसाचे पाणी शिरले तर ती कामी येईल. आणि हे सगळे करण्याआधी घरातल्या सर्वांत वयस्क माणसाजवळ जाऊन बसा. फोटो ट्रंकेत आणखी थोडे दिवस थांबेल, आजी थांबणार नाही.

विहारात आता किल्ली कुणाकडे आहे हे विचारावे लागत नाही. परवाच्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर त्या मुलीची आई तिच्याजवळ आली. पदराखालून एक लहानसा फोटो काढला आणि म्हणाली, “ही माझी माय. लिहून घे, नाव सांगते.”

जयभीम!