कपाटाची किल्ली

मुलांच्या पुस्तकावरून मोठ्यांनी भांडावे, हे एका परीने शुभलक्षणच म्हटले पाहिजे. ज्या वाङ्मयाकडे समीक्षक एरवी ढुंकूनही पाहत नाहीत, त्याच्या गुणदोषांची चिकित्सा होऊ लागली, म्हणजे साहित्याच्या पंगतीत त्याला पाट मिळाला असे समजावे. जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटर कथामालेला हा मान पुरेपूर लाभला. १९९७ च्या जूनमध्ये लंडनच्या ब्लूम्सबरी प्रकाशनाने मालेचा पहिला भाग काढला, तेव्हा सजिल्द आवृत्तीच्या अवघ्या ५०० प्रती छापल्या होत्या. २००७ च्या जुलैत सातवा आणि अखेरचा भाग आला, तेव्हा एकट्या अमेरिकेत पहिल्या चोवीस तासांत ८३ लाख प्रती खपल्या. या दहा वर्षांत वाचकांत जे दोन पक्ष पडले, त्यांच्यातील वाद अद्याप मिटलेला नाही.

विरोधी पक्षाचे वकील सामान्य नव्हते. अमेरिकन समीक्षक हॅरल्ड ब्लूम यांनी २००० साली या मालेतील भाषा झिजलेल्या शब्दप्रयोगांनी भरलेली असल्याचा आक्षेप घेतला आणि लाखो ग्राहकही चुकू शकतात, असे बजावले. इंग्रज कादंबरीकार ए. एस. बायट यांनी २००३ साली ही सृष्टी उसन्या सामग्रीवर उभारलेली असल्याचे म्हटले. या आक्षेपांत तथ्य नाही असे नाही. अनाथ मुलगा, वसतिगृहाची शाळा, दुष्ट मांत्रिक हे सारे इंग्रजी बालवाङ्मयात आधीपासून होते. जादूगारांची शाळा तर उर्सुला ले ग्विन यांनी १९६८ सालीच आपल्या अर्थसी मालेत उभी केली होती, आणि तीही अधिक रेखीव गद्यात.

समर्थकांची बाजूही तितकीच भक्कम आहे. एका भागात सहज टाकलेला धागा पुढच्या एखाद्या भागात उकलावा, ही रहस्यकथेची कसबी गुंफण येथे आहे. नायक दरवर्षी एका वर्षाने मोठा होतो, आणि त्याच्याबरोबर कथाही गंभीर होत मृत्यू, विश्वासघात, सत्तेची लालसा यांपर्यंत पोहोचते. शिवाय मुलांचा कौल स्पष्ट आहे. ब्रिटनमधील ग्रंथपाल ज्याची निवड करतात, ते कार्नेगी पदक या मालेला कधीच मिळाले नाही; परंतु ज्या स्मार्टीज पारितोषिकाचा अंतिम निर्णय शाळकरी मुलांच्या मतांवर होत असे, ते मात्र पहिल्या तिन्ही भागांनी १९९७ पासून सलग तीन वर्षे पटकावले.

मग खरे कोणाचे? वस्तुतः दोन्ही पक्ष दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत आहेत. शंभर पुस्तके वाचलेल्या विद्वानाला जे उसने वाटते, ते दहा वर्षांच्या वाचकाला जन्मात प्रथमच भेटत असते. खप हा गुणवत्तेचा पुरावा नव्हे, हे मान्य. तसाच तो दोषाचाही पुरावा नव्हे. असा वाद न मिटणेच वाचनसंस्कृतीच्या हिताचे आहे.

चिंता वाटते ती वाद संपवण्याच्या घाईची. अमेरिकन ग्रंथालय संघटनेच्या नोंदींनुसार २००० ते २००९ या दशकात ज्या पुस्तकांवर सर्वाधिक हरकती घेतल्या गेल्या, त्यांत हीच माला अग्रस्थानी होती. आर्कान्सा राज्यातील सीडरव्हिल येथील शाळा मंडळाने २००२ साली पालकांच्या सहीच्या चिठ्ठीवाचून ही पुस्तके मुलांना देऊ नयेत, असा ठराव केला. मुले आज्ञाभंग आणि जादूटोणा शिकतील, ही भीती त्यामागे होती. एका विद्यार्थिनीच्या पालकांनी न्यायालयात धाव घेतली, आणि २००३ साली पुस्तके पूर्ववत खुल्या फळीवर ठेवण्याचा आदेश झाला. चिठ्ठी आणावी लागणे हाच मुलाच्या वाचनस्वातंत्र्यावरील बोजा आहे, ही गोष्ट न्यायालयाने ओळखली. ब्लूम यांनी लेख लिहिला. त्याला लेखाने उत्तर देता येते. मंडळाच्या ठरावाला दहा वर्षांचे मूल कोणते उत्तर देणार?

ही गोष्ट दूरची म्हणून सोडून देण्याचे कारण नाही. ही माला मराठीतही अनुवादित झाली आहे. आणि आपल्याकडे तर कुलूप घालण्यासाठी ठरावाचीही गरज पडत नाही. पुस्तके फाटतील, हरवतील, मुले अभ्यास सोडून गोष्टी वाचत बसतील, या धास्तीने कित्येक शाळांतील ग्रंथालयाचे कपाट केवळ तपासणीच्या दिवशी उघडते. तेथे हॅरी पॉटर चांगला की वाईट, हा प्रश्नच उद्भवत नाही. शिक्षकाला एखादे पुस्तक सामान्य वाटत असेल, तर त्याने तसे वर्गात जरूर सांगावे आणि शेजारी त्याहून सरस पुस्तक ठेवावे. निवड करता करताच अभिरुची घडते. परंतु त्यासाठी आधी कपाटाची किल्ली फिरली पाहिजे.