धंद्यासाठी 125 ची स्कूटर: आधी पाठ, मग पिकअप



"सर, धंद्यासाठी कुठली स्कूटर घेऊ?" हा प्रश्न आपल्याकडे जीएसटीच्या प्रश्नांइतकाच येतो. मागच्या व्हिडिओत मी माल पोचवण्याच्या खर्चावर बोललो, तर खाली निम्मी चर्चा स्कूटरवरच. कुणाला ॲक्सेस की एनटॉर्क हे ठरवायचंय, कुणी म्हणतं डायरेक्ट एरॉक्सच घेऊन टाकू का. आणि पुढे सगळ्यांचे तेच तीन प्रश्न: पिकअप कुणाचा चांगला, टॉप स्पीड किती, ॲव्हरेज किती देते.

माझं मत सरळ सांगतो. हे प्रश्न कॉलेजच्या मुलाने विचारावेत. तुम्ही डबे, केक, मसाल्याची पाकिटं किंवा स्पेअर पार्ट घेऊन रोज फिरणार असाल तर तुमचा पहिला प्रश्न हा हवा: संध्याकाळी शेवटची डिलिव्हरी देताना माझी कंबर कशी असेल?

हिशेब करू. रोज 40 किलोमीटर धरा. शहराच्या गर्दीत सिग्नल धरून सरासरी ताशी 20 चा वेग मिळाला तरी पुष्कळ. म्हणजे रोज दोन तास. महिन्याला 26 दिवस धरले तर 52 तास, वर्षाला सहाशेच्या वर. दुकानातली खुर्ची घेताना तुम्ही तीनदा बसून बघता, हलवून बघता, भाव करता. आणि ही सहाशे तासांची खुर्ची मात्र यूट्यूबवरच्या कुणीतरी रिकाम्या हायवेवर 90 ला पळवली म्हणून घेता!

आता परफॉर्मन्सचं बोलू, कारण तो मुद्दा मी झटकत नाहीये. फक्त तो ब्रोशरमध्ये दिसतो तसा नसतो.

2025 चं नवं मॉडेल येण्याआधीची सुझुकी ॲक्सेस 125 घ्या: 8.7 पीएस ताकद, वजन साधारण 103 किलो. टीव्हीएस एनटॉर्क 125 ची ताकद 9.38 पीएस, वजन साधारण 118 किलो. कागदावर एनटॉर्क पुढे. आता दोन्हींवर 75 किलोचा माणूस बसवा आणि 40 किलो माल चढवा. ॲक्सेस झाली 218 किलो, एनटॉर्क 233. दर 100 किलोमागे ताकद काढा: दोघींची सुमारे 4 पीएस. म्हणजे ज्या फरकासाठी तुम्ही रात्रभर व्हिडिओ बघितले, तो माल चढवल्यावर उरलाच नाही. (एनटॉर्क वाईट आहे असं मी म्हणत नाही. एकट्याने, मोकळ्या रस्त्यावर चालवायला मजेदार गाडी आहे. पण मजेचा खर्च धंद्याच्या खात्यात टाकू नका.)

ताकदीपेक्षा तुमच्या कामाचा आकडा म्हणजे टॉर्क, आणि त्याहूनही तो किती आरपीएमला मिळतो ते. ज्युपिटर 125 चा 10.5 न्यूटन मीटर टॉर्क 4,500 आरपीएमला येतो. त्या जुन्या ॲक्सेसचा 10 न्यूटन मीटर 5,500 ला. स्कूटरला गिअर नसतात, बेल्ट आणि वेरिएटर मिळून इंजिनाचा वेग ठरवतात. टॉर्क खालच्या आरपीएमला मिळाला की माल लादलेली गाडी सिग्नलवरून न किंचाळता उठते. वर चढवत नेल्यावर मात्र ॲक्सेस जास्त मोकळी पळते. ज्याचं काम पेठेत, गल्लीबोळात, दर 200 मीटरला थांबण्याचं आहे त्याला ज्युपिटरचा स्वभाव मानवेल. ज्याला रोज चिंचवडहून चाकणला जायचंय त्याने ॲक्सेस चालवून बघावी.

मग 110 का नको? सपाट गावात, हलका माल असेल तर जरूर घ्या, पैसे वाचवा. पण साताऱ्यात यवतेश्वरचा घाट चढायचा असेल, पुण्यात कात्रज रोजचं असेल, किंवा कोकणात घर वर आणि बाजारपेठ खाली असेल, तर 110 माल घेऊन चढावर पूर्ण पिळलेली राहते. इंजिन सतत पिळलेलं राहिलं की ॲव्हरेजही जातं आणि बेल्टही लवकर झिजतो.

आणि 150 च्या वर? इथे मी ठाम नाही म्हणतो. यामाहा एरॉक्स 155 म्हणजे 15 पीएस, लिक्विड कूलिंग, 14 इंची चाकं. गाडी म्हणून मला आवडते. पण तिच्या मधोमध पेट्रोलच्या टाकीचा फुगवटा आहे, पाय ठेवायला सपाट फूटबोर्ड नाही. धंदेवाल्याला फूटबोर्ड नसलेली स्कूटर म्हणजे ओट्याशिवाय दुकान. शिवाय 150 सीसी ही विम्याची रेषा आहे. 2022 च्या दरपत्रकात 75 ते 150 सीसीला वर्षाचा थर्ड पार्टी हप्ता 714 रुपये होता, 150 च्या वर गेलात की 1,366. 110 आणि 125 एकाच खान्यात बसतात, 155 नाही. एक गोष्ट मात्र एरॉक्सच्या बाजूने: 125 सीसीच्या वर एबीएस सक्तीचं आहे, 125 पर्यंत फक्त दोन्ही ब्रेक जोडून लागणारी सीबीएस यंत्रणा चालते.

आता मूळ विषय, आराम.

स्कूटरचं मागचं अंग मोटरसायकलपेक्षा कडक का लागतं, माहितीये? मोटरसायकलचं इंजिन मधे चेसिसला धरलेलं असतं. स्कूटरचं इंजिन, बेल्ट, सगळं धूड मागच्या चाकाबरोबर वरखाली होतं. खड्ड्यात चाक आपटलं की ते सगळं वजन उसळतं, आणि बऱ्याच 125 मध्ये ते आवरायला मागे एकाच बाजूला एकच शॉकअप असतो. त्यामुळे चाकाचा आकार फार महत्त्वाचा. ॲक्टिव्हा 125 आणि ॲक्सेसला पुढे 12 इंची चाक, मागे 10 इंची. ज्युपिटर 125 आणि एनटॉर्कला दोन्हीकडे 12. दोन इंचांनी काय होतंय, असं वाटेल. पेव्हर ब्लॉक उखडलेल्या रस्त्यावरून पावसाळ्यात एकदा जाऊन या. लहान चाक खड्ड्यात उतरतं, मोठं त्यातल्या त्यात वरून निघून जातं. बर्गमन स्ट्रीट इतकी ऐसपैस, पाय पुढे पसरून बसायची सोय असलेली गाडी, पण तिलाही 2018 मध्ये मागे 10 इंचीच चाक होतं. 12 इंची चाकाची ईएक्स आवृत्ती यायला 2022 उजाडलं.

आपल्या एका बॅचमध्ये घरून केक करणाऱ्या ताई होत्या. त्यांनी मागे कॅरेज लावून त्यावर केकचा बॉक्स बांधायला सुरुवात केली आणि महिन्यात तीन केक वाकडे पोचले. तीन ग्राहकांना पैसे परत, वर बदनामी वेगळी. दोष ना केकचा होता ना गाडीचा. मागच्या चाकाच्याही मागे ठेवलेल्या वस्तूला सगळ्यात जास्त हादरे बसतात. दोन चाकांच्या मधे, म्हणजे फूटबोर्डवर, सगळ्यात कमी. बॉक्स पुढे आला आणि प्रश्न मिटला. म्हणून म्हणतो, फूटबोर्डची लांबी-रुंदी टेप घेऊन मोजा. तुमचा बॉक्स, तुमचं कॅरेट, तुमचा 15 किलोचा तेलाचा डबा तिथे बसून तुमचे पाय आत राहतात का, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळतं का, हे बघा. पाय बाहेर लोंबकळत ठेवून दिवसभर चालवणं म्हणजे गुडघ्याला आमंत्रण.

डिकी ज्युपिटर 125 ची मोठी आहे, 33 लिटर, कारण पेट्रोलची टाकी सीटखालून काढून फूटबोर्डखाली नेली आहे आणि पेट्रोल पुढून भरता येतं. सीटवर माल बांधलेला असताना पंपावर तो सोडावा लागत नाही. किरकोळ वाटतं, पण ज्याने दोरी सोडून पुन्हा बांधली आहे त्याला विचारा. ॲक्टिव्हा 125 लाही पेट्रोलचं झाकण बाहेर आहे, पण ते मागे. कॅरेज लावणार असाल तर तिथे नळी नीट पोचते का ते आधी पाहून घ्या.

ताईंनी आणि चाळिशी ओलांडलेल्यांनी एक गोष्ट नक्की करावी: गाडी डबल स्टँडला लावून आणि काढून बघा, तीही दहा वेळा. दिवसात वीस थांबे असतील तर हा व्यायाम रोजचा आहे. इथे यामाहा फसिनो 125 फक्त 99 किलोची आहे, आणि ज्यांचा माल हलका आहे त्यांना मी ती बिनधास्त सुचवतो.

ॲव्हरेजवर फार वेळ घालवत नाही. महिन्याला 1,040 किलोमीटर, एक गाडी 45 देते, दुसरी 50. फरक 2.3 लिटर. पेट्रोल 105 रुपये धरलं तर महिन्याला 240-245 रुपये. ताईंचा एक वाकडा केक याहून महाग पडला. (इलेक्ट्रिकचा हिशेब वेगळा आहे, त्यावर स्वतंत्र व्हिडिओ करतोय.)

पैशाचं थोडक्यात. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला. पण "धंद्यासाठी घेतली म्हणून क्रेडिट मिळेल" या भ्रमात राहू नका. स्कूटर माणसं नेण्याचं वाहन धरली जाते, आणि कलम 17(5) मुळे तिच्या खरेदीवरचं इनपुट क्रेडिट साधारणपणे मिळत नाही. आयकरात 15 टक्के घसारा मिळतो, पण तुम्ही 44एडी खाली अंदाजित नफा दाखवत असाल तर तो वेगळा मागता येत नाही. सीएला विचारूनच पुढे जा.

माझी निवड विचाराल तर रोज तीस किलोमीटरच्या वर, माल घेऊन, खराब रस्त्यावर फिरणाऱ्याने ज्युपिटर 125 आधी बघावी. लांब पल्ला आणि बरा रस्ता असेल तर ॲक्सेस. ॲक्टिव्हा 125 शांत आहे, गुळगुळीत आहे, विकताना किंमत चांगली येते, पण मागचं 10 इंची चाक माल लादल्यावर मला खटकतं.

आणि टेस्ट राइड. शोरूमवाला तुम्हाला समोरच्या गुळगुळीत रस्त्यावर एक चक्कर मारू देईल. ती राइड नव्हे. आदल्या दिवशी फोन करून सांगा की मी माझा बॉक्स घेऊन येतोय आणि मला माझ्या रूटवर अर्धा तास हवाय. काही जण देतात. नाही म्हणाले तर तीच गाडी वापरणारा ओळखीतला कुणीतरी शोधा, टाकीत शंभर रुपयांचं पेट्रोल टाका आणि एक सकाळ तुमच्या खऱ्या ऑर्डरी तिच्यावर पोचवा.

तुमचा रोजचा रूट आणि मालाचं वजन खाली लिहा. मी वाचून उत्तर देतो.