मारलेलें गवत आणि मोकळीं गुरें

रत्नागिरी जिल्ह्याच्या किनारपट्टींत आंबा-काजूच्या बागा वाढल्या आणि गवत काढणारे हात कमी झाले. जें काम पूर्वीं कोयते घेऊन चार गडी करीत, तेंच आतां पाठीवर पंप घेतलेला एकटा मनुष्य उरकतो. बुरोंडीसारख्या गांवीं कांहीं तरुण मुंबईस आणि कांहीं मासेमारीवर गुंतलेले असतात. तेथें बागाईतदारानें तणनाशक वापरूंच नये, असा उपदेश करणें व्यर्थ होय. प्रस्तुत लेखाचा प्रश्न निराळा आहे. फवारलेल्या गवतावर शेजाऱ्याची गाय चरली, तर त्याची जबाबदारी कोणाची?

याविषयीं दोन टोकांचीं मतें ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो, औषध गवतावरचें, जनावरास त्याचें काय? दुसरा पक्ष कोणतेंहि जनावर दगावलें कीं दोष औषधासच देतो. दोहोंतहि अर्धें सत्य आहे, कारण सर्व तणनाशकें एका जातीचीं नाहींत.

ग्लायफोसेट पानांतून मुळांपर्यंत उतरतें आणि झाडास लागणाऱ्या कांहीं अमिनो आम्लांची घडण बंद पाडतें. जनावराच्या शरीरांत ती घडण होतच नाहीं, म्हणून त्याचें तात्काळ विषारीपण गुरांस कमी. परंतु औषध पानास चिकटावें म्हणून त्यांत मिसळलेला साबणासारखा पदार्थ अगदींच निरुपद्रवी नसतो. शिवाय फवारणीनंतर कित्येक दिवस गवत हिरवेंच दिसतें, त्यामुळें गुराख्यास कांहीं कळत नाहीं. पॅराक्वाट याच्या उलट आहे. उन्हांत तें एक-दोन दिवसांत पान करपवितें; पण पोटांत गेल्यास त्यावर खात्रीचा उतारा नाहीं.

२,४-डी हें औषध रुंद पानांच्या तणावर चालतें, गवतावर नव्हे. त्याचा धोका आडवाटेनें येतो. एरव्हीं गुरें ज्या विषारी झाडास तोंड लावीत नाहींत, तें औषधानें कोमेजूं लागलें म्हणजे त्याची चव बदलते व गुरें तें खाऊं लागतात. घाणेरी खाल्ल्यानें गुरांस कावीळ होते आणि उन्हानें त्यांची कातडी सोलते. म्हणून घाणेरीवर औषध मारल्यास ती उपटून दूर करीपर्यंत तेथें गुरें जाऊं देऊं नयेत.

पुष्कळदां विषबाधा होते ती फवारलेल्या गवतानें नव्हे, तर सांडलेल्या मूळ औषधानें, पंप धुतलेल्या पाण्यानें आणि उघड्या टाकलेल्या डब्यांनीं. हें काम शेजाऱ्याचें नसतें. फवारणाऱ्याच्याच हातचें असतें.

माहितीपत्रकांत गुरें दूर ठेवण्याची मुदत दिलेली असली, तरी ती कुंपणाचें रान डोळ्यांपुढें ठेवून दिलेली असते. जेथें जमीन एकाची, गुरेंहि त्याचींच आणि मध्यें तार, तेथें फवारणारा व राखणारा एकच. आमच्याकडे भातकापणी झाली कीं गुरें मोकळीं सोडण्याची जुनी वहिवाट आहे. गडगा कोठेंतरी ढासळलेला असतो, बेडें उघडें राहतें आणि वरकस रानांत कोणाची गाय कोणाच्या गवतावर जाईल याचा नेम नसतो. सूचना वाचली ती बागाईतदारानें आणि गवत खाल्लें तें दुसऱ्याच्या गाईनें.

गुरें राखणें हें धन्याचें काम, असें कोणी म्हणेल. तें खरें आहे. १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्यानेंहि तेंच ठरविलें. परंतु त्या कायद्यानें चुकार गुरास कोंडवाडा व धन्यास दंड सांगितला, जनावरास मरण सांगितलें नाहीं. दंड भरला म्हणजे गाय घरीं येते.

गुरचरणाची गोष्ट तर याहून स्पष्ट आहे. प्रस्तुत लेखकाची नोकरी महसुलाच्या दप्तरांत गेली, म्हणून हें आवर्जून सांगतों. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणें मोफत चराईसाठीं राखलेल्या जमिनीवर हक्क असतो तो ती जमीन ज्या गांवाची, त्या गांवच्या गुरांचा. आपल्या बागेची हद्द साफ राहावी म्हणून तेथील गवत औषधानें मारणें म्हणजे गांवच्या ताटांत हात घालणें होय.

केंद्र सरकारनें ऑक्टोबर २०२२ मध्यें, माणसें व जनावरें यांस धोका असल्याचें कारण देऊन, ग्लायफोसेटचा वापर कीडनियंत्रण करणाऱ्यांपुरताच ठेवण्याचा आदेश काढला. परंतु गडग्यापलीकडची गाय सांभाळणें हें अखेर गांवासच करावें लागेल.

यास्तव आमचें म्हणणें असें कीं, पहिली जबाबदारी फवारणाऱ्याची. त्यानें आदल्या दिवशीं वाडींत सांगावें, खिंडारास कांट्यांची वई घालावी आणि चारी कोपऱ्यांस तांबडें फडकें बांधलेली काठी रोवावी. ज्या गुराख्यास अक्षर वाचतां येत नाहीं, त्यास फडकें दिसतें. माहितीपत्रकांतील मुदत पाळावी. ती दिलेली नसल्यास जुनें गवत मरून पावसानें नवें फुटेपर्यंत फडकें काढूं नये. तें गवत कापून भारे विकूं नयेत किंवा उडवींत घालूं नये. ओहोळाच्या कांठीं फवारूं नये व पाणवठ्यावर पंप धुवूं नये.

दुसरी जबाबदारी गुरें राखणाऱ्याची. फडकें पाहूनहि त्यानें गुरें आंत घातलीं, तर मग बोल त्याचा. जनावर लाळ गाळूं लागलें, चारा सोडून बसलें, तर तेल-मीठ पाजण्यांत वेळ न दवडतां पशुवैद्यास बोलवावें. १९६२ या क्रमांकावर फिरत्या दवाखान्यास कळवितां येतें. औषधाचा डबा त्यांस दाखवावा आणि तो दाखविण्यास बागाईतदारानें नकार देऊं नये.

बागाईतदाराचाहि यांत स्वार्थ आहे, कारण कलमांच्या आळ्यांत घालण्याचें शेण याच गुरांचें. ब्रिटनमध्यें २००८ सालीं अमिनोपायरालिड हें तणनाशक मारलेल्या कुरणांचा चारा खाल्लेल्या गुरांच्या शेणखतानें लोकांच्या भाजीपाल्याचीं रोपें वेडींवाकडीं झालीं व त्या औषधाची विक्री थांबवावी लागली. गाईच्या पोटांतून तें जवळजवळ तसेंच बाहेर पडलें होतें. म्हणजे गुरास कांहीं झालें नाहीं, एवढ्यानें प्रश्न मिटत नाहीं.

बाग व गोठा हे गांवांतले दोन पक्ष नव्हेत. पुष्कळ घरीं दोन्ही एकाच धन्याचीं आहेत. भातकापणीपूर्वीं प्रत्येक वाडीनें एक सायंकाळ बसून फडक्याचा, सांगाव्याचा आणि डब्यांचा नियम ठरवावा व ग्रामसभेंत तो लिहून घ्यावा. यास खर्च फडक्याचा आणि चार शब्दांचा. तेवढाहि न केल्यास ज्याची गाय जाईल, त्यास शेजाऱ्यानें काय उत्तर द्यावें, याचा आमच्या शेतकरी बंधूंनीं विचार करावा.